मरुवनस्पतींचे मूळ शोधणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर

थोर समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव पुण्यातील ज्या रस्त्याला आहे, त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था उभी आहे. नावांतील साधर्म्यामुळे ही संस्थाही समाजसुधारक आगरकरांच्याच स्मरणार्थ असावी, असा समज अनेकांचा होतो. वस्तुतः ते नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर या वनस्पतिशास्त्रज्ञाचे आहे. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा पाया घालणारे प्राध्यापक आणि पुण्यातील या संस्थेचे संस्थापक-संचालक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. परंतु त्यांच्या तरुणपणीच्या एका प्रबंधाची आठवण महाराष्ट्रात क्वचितच निघते. वायव्य भारताच्या वाळवंटात आणि खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती मूळच्या कुठल्या आणि तिथवर त्यांचा प्रसार कसा झाला, हा त्या प्रबंधाचा विषय होता. कोरड्या जमिनीत कोणते झाड लावावे, हा प्रश्न आज जोधपूरपासून माणदेशापर्यंत पुन्हा विचारला जात असताना त्या प्रबंधाचे आणि त्याच्या कर्त्याचे स्मरण उचित ठरावे.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. समुद्रकाठच्या या गावाचा वाळवंटाशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण खाडीच्या मुखाशी खारट चिखलात उभी असलेली तिवरे आणि राजस्थानातील खाऱ्या रणात तगणारी खुजी झुडपे यांच्यापुढील अडचण बरीचशी सारखीच असते. भोवती पाणी असो वा नसो, मिठामुळे मुळांना ते सहजासहजी शोषून घेता येत नाही. अशा वनस्पतींना शास्त्रीय परिभाषेत लवणवनस्पती म्हणतात आणि आघारकरांच्या प्रबंधात त्यांना मरुवनस्पतींच्या बरोबरीचे स्थान आहे.

मुंबई विद्यापीठातून निसर्गविज्ञानात एम. ए. झाल्यावर ते एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. तेव्हाचे शास्त्रज्ञ प्राणी आणि वनस्पती अशी आजच्यासारखी काटेकोर वाटणी करीत नसत. सुटीच्या दिवसांत सह्याद्रीत हिंडावे, नदीनाल्यांतले जे सापडेल ते गोळा करावे, हा आघारकरांचा क्रम होता. या भटकंतीतच सातारा जिल्ह्यातील मेढ्याजवळ वेण्णा नदीच्या पाण्यात त्यांना एक चिमुकला पारदर्शक जीव आढळला. तो गोड्या पाण्यातील जेलीफिश होता. जेलीफिश हा प्रामुख्याने समुद्रातला प्राणी. त्याचा गोड्या पाण्यातील या कुळीचा नातलग तोपर्यंत केवळ आफ्रिकेतून, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणांहून ठाऊक होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी या जीवाचे वर्णन करून त्याला भारताचे नाव दिले. पुढे त्याच संग्रहालयातील ग्रेव्हली यांच्यासमवेत आघारकरांनी त्याच्या सवयी आणि प्रसार यांवर टिपण लिहिले.

या शोधाने आघारकरांचे नाव देशाबाहेर पोहोचले. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, त्यातून एक प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. आफ्रिकेतील सरोवरात राहणाऱ्या जीवाचा सख्खा नातलग साताऱ्याच्या नदीत कसा? मधे अरबी समुद्र पसरलेला आहे आणि हा नाजूक प्राणी खाऱ्या पाण्यात तग धरणारा नव्हे. एखादा जीव आज जिथे दिसतो तिथे तो कुठून व कोणत्या वाटेने आला, ही जिज्ञासा त्यांच्या पुढील संशोधनातही दिसते.

याच सुमारास कलकत्ता विद्यापीठात मोठे परिवर्तन घडत होते. प्रख्यात कायदेपंडित रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी विद्यापीठाला दहा लाख रुपयांची देणगी दिली. त्यातून निर्माण होणाऱ्या प्राध्यापकपदांवर भारतीयांचीच नेमणूक व्हावी, अशी अट होती. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी प्रांताचा विचार न करता देशभरातून माणसे निवडली. वनस्पतिशास्त्राच्या घोष प्राध्यापकपदासाठी मालवणच्या आघारकरांची निवड झाली. निवड झालेल्यांना परदेशी पाठवून अद्ययावत शिक्षण देण्याची सोय या योजनेत होती. त्यानुसार १९१४ मध्ये आघारकर जर्मनीस गेले. भौतिकशास्त्राच्या घोष प्राध्यापकपदावर निवडले गेलेले देवेंद्रमोहन बोस, म्हणजे जगदीशचंद्र बोस यांचे भाचे, हेही त्याच वर्षी बर्लिनला पोहोचले.

आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. भारतीय विद्यार्थी ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते. त्यामुळे जर्मनीच्या दृष्टीने ते शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. आघारकरांना स्थानबद्ध करण्यात आले. ज्या देशात शिकायला गेले तोच देश बंदिशाळा झाला, आणि ज्या राज्याचे प्रजाजन म्हणून ही शिक्षा झाली त्या राज्यात त्यांना स्वतःला कोणतेही राजकीय अधिकार नव्हते. कलकत्त्यातील पद त्यांची वाट पाहत होते, पण परतीचा मार्ग बंद होता. तिशीतील एखाद्या संशोधकाच्या आयुष्यातील ही वर्षे सर्वांत मोलाची असतात. सुटकेनंतरही युद्ध संपेपर्यंत त्यांना मायदेशी येता आले नाही. तो काळ त्यांनी अभ्यासात घालवला.

त्यांचे मार्गदर्शक होते अ‍ॅडॉल्फ एंग्लर. वनस्पतींचे वर्गीकरण आणि त्यांचा भौगोलिक प्रसार या दोन्ही शाखांत एंग्लर यांचा अधिकार जगभर मानला जाई. बर्लिनच्या डालेम भागातील वनस्पतिउद्यान त्यांच्याच देखरेखीखाली उभे राहिले होते आणि ते १९१० मध्ये पूर्णत्वास गेले. सुमारे ४३ हेक्टरांच्या या उद्यानाची मांडणी तत्कालीन रीतीपेक्षा निराळी होती. त्याच्या मोठ्या भागात झाडे त्यांच्या मायभूमीप्रमाणे लावली होती. आल्प्सची झाडे एकत्र, हिमालयाची एकत्र, जपानची एकत्र. उद्यानातून चालणारा माणूस जणू पृथ्वीवरून चालत जाई. बाग ही केवळ शोभेसाठी नसते, झाड कोणत्या प्रदेशाचे, कोणत्या शेजाऱ्यांसह वाढणारे, हे जाणून लावले तर तीच बाग भूगोलाचा ग्रंथ होते, अशी एंग्लर यांची धारणा त्या मांडणीत दिसते. त्या उद्यानाशेजारीच वाळवलेल्या वनस्पतींचा प्रचंड संग्रह होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या बाँबहल्ल्यात, त्या संग्रहाचा बहुतांश भाग जळून खाक झाला.

या वातावरणात आघारकरांनी आपला विषय निवडला. बर्लिन विद्यापीठाने १९१९ मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली आणि पुढच्या वर्षी तो प्रबंध एंग्लर यांच्याच नियतकालिकात जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. वायव्य भारतातील मरुवनस्पती, अर्धमरुवनस्पती व लवणवनस्पती यांच्या प्रसाराची साधने आणि त्यांचे मूळस्थान, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. मालवणचा एक मराठी माणूस युरोपातील युद्धाच्या धामधुमीत राजपुताना आणि सिंधच्या वाळूतील झुडपांचा विचार करीत होता, ही गोष्ट आज वाचताना नवलाची वाटते.

याच काळात मुंबईहून सेंट झेवियर्स कॉलेजचे स्विस धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी हॅलबर्ग जोधपूर-जैसलमेर भागात वनस्पती गोळा करीत होते. त्यांची भारतीय वाळवंटाची वनस्पतिसूची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून १९१८ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. एकाच दशकात दोन दिशांनी थरच्या वाळवंटाचा अभ्यास होत होता. तिथे काय काय उगवते, याची नोंद ब्लॅटर व हॅलबर्ग घेत होते. ते तिथे कसे आले, हा आघारकरांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी वाळवंटात जाण्याची गरज नाही. उन्हाळ्यात माळरानावर अनवाणी चालणाऱ्याच्या पायात रुतणारा सराटा हे त्याचे घरगुती उदाहरण आहे. सराट्याच्या फळाला काटे असतात ते गुराढोरांच्या खुरांना आणि माणसांच्या पायांना चिकटून दूरवर जाण्यासाठी. थरच्या वाळवंटातील भरूट नावाच्या गवताची कुसळी फळे कपड्यांना व लोकरीला अशीच घट्ट बिलगतात. रुईचे फळ उकलले की रेशमी झुपके लावलेल्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात आणि त्यांच्यामागे पोरे धावतात. त्याच कुळातील खीप ही पानहीन, फोकासारखी दिसणारी झुडूपजातही वाऱ्याचाच आधार घेते. रोहिड्याच्या बियांना पातळ पंख असतात. फोगाच्या फळावर बारीक राठ केसांचे आवरण असते, त्यामुळे ते वाळूवरून घरंगळत जाते आणि सहसा वाळूत गाडले जात नाही. कडू इंद्रावणाचे वाळलेले फळ तर चेंडूसारखे गडगडत निघते. खाऱ्या जमिनीतील लाण्याच्या फळांनाही पडद्यासारखे पंख फुटतात. शमीच्या गोडसर शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात आणि न पचलेले बी लेंड्यांतून दुसरीकडे पडते. पिलूची रसाळ फळे पक्षी नेतात, बोरे कोल्हे खातात.

वाळवंट उघडे असते, वारा मुक्त असतो आणि जनावरांचे कळप मैलोगणती हिंडतात. वाऱ्याचा किंवा जनावरांच्या अंगाचा उपयोग करून घेणाऱ्या वनस्पती अशा भूमीत दूरवर पसरल्या, यात नवल नाही. थरच्या वनस्पतींत दोन प्रवाह मिसळलेले दिसतात. एक पश्चिमेकडचा. सहारापासून अरबस्तान, बलुचिस्तान, सिंध असा तो कोरडा पट्टा जवळजवळ अखंड आहे आणि रुई, खीप, नेपती, पिलू यांचे नातेसंबंध त्या पट्ट्यात दूरवर सापडतात. दुसरा पूर्वेकडचा, म्हणजे भारतीय द्वीपकल्पातील कोरड्या रानांचा. थरच्या भूमीवर हे दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. वेण्णेतील जेलीफिशने आफ्रिकेकडे बोट दाखवले होते. वाळवंटातील कित्येक झुडपांचे बोटही त्याच दिशेला वळते.

ही सारी माहिती केवळ अभ्यासिकेतील नव्हे, याचा प्रत्यय पुढील शंभर वर्षांत आला. वाळवंट हिरवे करण्याच्या उत्साहात अमेरिका खंडातील वेडी बाभूळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतात आणली गेली. जोधपूर संस्थानात तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचे बी विमानातूनही टाकण्यात आले. ती पाण्यावाचून वाढते, जळण देते, हे खरे. पण तिच्याही शेंगा गोड आहेत आणि त्या गुरे खातात. जे साधन शमीजवळ होते तेच हिच्याजवळही होते, शिवाय वाढीचा वेग कैक पटींनी अधिक. पसरण्याच्या साधनांचा विचार न करता परके झाड सोडले की काय होते, हे आज राजस्थान, कच्छ आणि महाराष्ट्रातील उजनीच्या आसपासची गायरानेही सांगतील. दुसरीकडे फोगाची मुळे कोळशासाठी खणून काढली गेली आणि वाळू धरून ठेवणारे ते झुडूप अनेक ठिकाणी दुर्मिळ झाले.

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी २००६ मध्ये सुरू झालेले राव जोधा वाळवंटी खडक उद्यान हे या बाबतीत पाहण्यासारखे काम आहे. सुमारे ७० हेक्टरांच्या ज्वालामुखीजन्य खडकावर वेडी बाभूळ माजली होती. वरून तोडली की ती पुन्हा फुटे. अखेर खंडवालिया या पारंपरिक खाणकामगारांनी हातोड्याच्या आवाजावरून खडकाचा अंदाज घेत फटींतून तिची मुळे खणून काढली. तेच खड्डे मग मूळच्या झाडांसाठी वापरण्यात आले. पर्यावरण अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे थरच्या खडकाळ भागातील देशी झाडे, झुडपे व गवते लावण्यात आली. कोणती वनस्पती वाळूची, कोणती खडकाची, कोणती खाऱ्या मातीची, हा भेद तिथे कटाक्षाने पाळला जातो. डालेमच्या उद्यानातील मांडणीशी त्याचे नाते सहज लक्षात यावे.

मरुवनस्पतींची बाग करणाऱ्यास काही सवयी सोडाव्या लागतात. नर्सरीतून आणलेले उंच रोप लावण्याचा मोह इथे उपयोगाचा नाही. शमीसारखे झाड प्रथम जमिनीखाली वाढते. त्याचे सोटमूळ वीस मीटरहूनही खोल जाऊ शकते, आणि पिशवीत वेटोळे झालेले मूळ पुढे नीट सरळ होत नाही. म्हणून रोप लहान असतानाच, पावसाच्या तोंडावर लावणे श्रेयस्कर. पहिली एक-दोन वर्षे वरून ते खुरटल्यासारखे दिसते, तेव्हा काळजीपोटी खत आणि पाणी यांचा मारा करू नये. रोहिडा किंवा नेपती दुष्काळापेक्षा साचलेल्या पाण्यानेच लवकर मरतात. चाळून टाकलेली काळी माती घालण्यापेक्षा मुरमाड, निचऱ्याची जमीन त्यांना मानवते.

महाराष्ट्रात माण, सांगोला, जत या भागांतील माळांवर तरवड, हिवर, हिंगणबेट, बोर, नेपती ही मंडळी आजही टिकून आहेत. तथापि शहरातील हौशी बागाईतदार कोरड्या जागेसाठी कुंडीतला कॅक्टस विकत घेतो, आणि ते संपूर्ण कुळच जवळजवळ अमेरिका खंडातले. आपल्याकडील त्रिधारी निवडुंग, माकडशिंगे यांच्याकडे त्याचे लक्ष जात नाही. शिवनेरीच्या परिसरातील कड्यांवर सापडणारी शिंदळ माकुडी ही मांसल खोडाची, सुंदर फुलांची वनस्पती तर महाराष्ट्राखेरीज जगात अन्यत्र निसर्गतः आढळत नाही. शमीचे पूजन दसऱ्याला घरोघरी होते, पण अंगणात शमी लावलेली घरे मोजकीच.

युद्धानंतर आघारकर कलकत्त्यास परतले आणि तिथला वनस्पतिशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. १९४६ पर्यंत ते तिथे होते. अध्यापनाबरोबर संघटनेचे काम त्यांच्याकडे आपसूक येई. इंडियन सायन्स काँग्रेसचे सरचिटणीसपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. दरवर्षी निराळ्या शहरात शेकडो शास्त्रज्ञांना एकत्र आणणे, त्यांचे निबंध छापून घेणे, हिशेब चोख ठेवणे ही कामे कीर्ती देणारी नसतात. संशोधक म्हणून त्यांच्या हातून आणखी लेखन व्हायला हवे होते, असे बर्लिनचा प्रबंध पाहिल्यावर वाटते. व्यवस्थापनाने त्यांचा किती काळ घेतला, याची कल्पना त्यावरून यावी.

वयाच्या बासष्टीला पोहोचताना, सामान्यतः लोक विश्रांतीचा विचार करतात त्या टप्प्यावर, ते पुण्यात आले. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली विज्ञानसंस्था आघारकरांनी जवळून पाहिली होती. सरकारी खात्याबाहेर, लोकांच्या आधारावर चाललेल्या त्या संस्थेत चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी जगन्मान्य संशोधन केले होते. तशीच संस्था महाराष्ट्रात असावी, या हेतूने १९४६ मध्ये महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स स्थापन झाली आणि तिचे संस्थापक-संचालक आघारकर झाले. नावातसुद्धा कलकत्त्याच्या संस्थेचा वारसा आहे. विज्ञानाची मशागत, असा त्याचा शब्दशः अर्थ.

मशागतीची सुरुवात मात्र कोरडवाहूच होती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील ते दिवस टंचाईचे होते. स्वतःची मोठी इमारत नाही, नियमित अनुदानाची खात्री नाही, हाताशी मोजके सहकारी. विद्यापीठातील मानाच्या पदावरून आलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या दिवसापासून उभे राहायचे होते. वनस्पतींचे नमुने गोळा करणे, बुरशींचा अभ्यास, पिकांच्या वाणांची सुधारणा अशा शाखा पुढे या संस्थेत रुजल्या. १९६० पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, आघारकर तिचे संचालक होते. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी जोधपूर येथील वाळवंट वनीकरण केंद्राचे रूपांतर केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत झाले होते. ज्या भूमीच्या वनस्पतींवर त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये लिहिले, तिच्यासाठी आता स्वतंत्र संस्था उभी राहिली होती.

१९९२ मध्ये पुण्याच्या संस्थेला आघारकर संशोधन संस्था हे नाव देण्यात आले. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील ही स्वायत्त संस्था आहे. बारामती तालुक्यातील होळ येथे तिचे प्रक्षेत्र असून गहू, सोयाबीन आणि द्राक्ष यांचे नवे वाण तिथून शेतकऱ्यांपर्यंत गेले आहेत. संस्थेतील वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालाही आघारकरांचेच नाव आहे. जगभरच्या वनस्पतिसंग्रहांना चिन्हाक्षरे दिलेली असतात. पुण्याचा हा संग्रह ए-एच-एम-ए या चार अक्षरांनी ओळखला जातो आणि त्यातील पहिले अक्षर आघारकरांचे आहे.